कमी पैशांतले जुने विज्ञानपट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९५०च्या दशकातले अमेरिकन विज्ञानपट, बहुतेक कृष्णधवल, तासा-सव्वातासाचे, हातात पैसा नसताना काढलेले: हे मी बरीच वर्षं पाहते आहे आणि भेटेल त्याला दाखवते आहे. कुणाला एखादा दाखवला की दुसऱ्या दिवशी प्रश्न येतात, आणि ते बहुधा तेच असतात. म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. कुठलंही उत्तर सुटं वाचता येईल. जिथे विषय एकमेकांत गुंतले आहेत तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बी-मुव्ही म्हणजे नक्की काय? आपण 'बी ग्रेड' म्हणतो तेच का?

नाही. आपल्या बोलण्यात 'बी ग्रेड' हा शेरा असतो, आणि त्याला चावटपणाचा वासही असतो. मूळ शब्द निव्वळ धंद्यातला आहे. १९३०च्या दशकात, महामंदीच्या काळात, प्रेक्षक खेचण्यासाठी अमेरिकेतली चित्रपटगृहं एका तिकिटात दोन चित्रपट दाखवू लागली. मोठ्या नटांचा, मोठ्या खर्चाचा तो 'ए'. जोडीला दिलेला छोटा तो 'बी'. 'ए'च्या गल्ल्यात टक्केवारीने वाटा मिळे, 'बी' मात्र ठरावीक भाड्याने जाई. म्हणजे बी-चित्रपटातून किती पैसे येणार हे चित्रीकरणाआधीच ठाऊक असे. मिळकत बांधलेली, म्हणून खर्च बांधलेला, दिवस बांधलेले, लांबीही बांधलेली. या चित्रपटांच्या बहुतेक खोडी आणि बहुतेक गुण या एका हिशोबातून आले आहेत.

१९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मोठ्या स्टुडिओंना आपली चित्रपटगृहं सोडावी लागली आणि चित्रपट गठ्ठ्याने गळ्यात मारणंही बंद झालं. छोट्या चित्रपटांत मोठ्यांना मग फारसा रस उरला नाही. ती जागा स्वतंत्र निर्मात्यांनी घेतली आणि त्यांना गिऱ्हाईक मिळालं ते तरुणांचं, विशेषतः गाडीत बसून सिनेमा पाहायच्या उघड्या चित्रपटगृहांत. काटेकोर बोलायचं तर या काळातल्या पुष्कळ चित्रपटांना 'बी' म्हणणं चूकच आहे, कारण दोन सारखेच स्वस्त चित्रपट जोडीने लावले जात. पण नाव चिकटलं ते चिकटलं.

२. मी यातला एकही पाहिलेला नाही. सुरुवात कुठून करू?

खर्चाच्या उतरत्या क्रमाने जा. आधी 'द इन्क्रेडिबल श्रिंकिंग मॅन' (१९५७, ८१ मिनिटं). युनिव्हर्सलसारख्या मोठ्या कंपनीचा आहे, त्यामुळे डोळ्यांना सराव नसला तरी खटकत नाही, आणि त्याचा शेवट या सबंध प्रकारातला सर्वांत सुंदर शेवट आहे असं माझं ठाम मत आहे. मग 'इट! द टेरर फ्रॉम बियाँड स्पेस' (१९५८, ६९ मिनिटं): मंगळावरून परतणारं एक यान, आत लपलेला एक जीव, आणि एकेक मजला वर सरकत जाणारी माणसं. पुढे स्वस्त आणि झटपट चित्रपट काढणाऱ्या रॉजर कॉर्मन या दिग्दर्शकाचा 'इट काँकर्ड द वर्ल्ड' (१९५६). इथपर्यंत आलात आणि गोडी लागली, तर 'रोबॉट मॉन्स्टर' (१९५३). उलट्या क्रमाने गेलात तर पहिल्या पायरीवरच थांबाल.

३. इतक्या कमी पैशांत आणि दिवसांत चित्रपट पुरा तरी कसा व्हायचा?

मला यातलं सगळ्यात आवडणारं हेच आहे, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

पहिली युक्ती जागेची. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये ब्रॉन्सन कॅन्यन नावाची दगडाची जुनी खाण आहे. तिथे डोंगरातून आरपार गेलेला एक आखूड बोगदा आहे. कॅमेरा नीट लावला की ती गुहा वाटते आणि आजूबाजूचा उघडा खडक परग्रह वाटतो. हॉलिवूडपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मुक्कामाचा खर्च नाही. 'रोबॉट मॉन्स्टर', 'इट काँकर्ड द वर्ल्ड', 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स', सगळे तिथे जाऊन आले आहेत. चार-पाच चित्रपट पाहिलेत की तो बोगदा तुम्हाला ओळखीच्या घरासारखा वाटायला लागतो.

दुसरी युक्ती वेळेची. 'रॉकेटशिप एक्स-एम' (१९५०) हा चंद्रमोहिमेवरच्या एका महागड्या रंगीत चित्रपटाच्या आधी पडद्यावर आणायचा म्हणून जेमतेम १८ दिवसांत चित्रित केला. नक्कल नको म्हणून यान चंद्राऐवजी वाट चुकून मंगळावर नेलं. मंगळासाठी सेट कुठला? वाळवंटात चित्रीकरण केलं आणि तेवढ्या भागाला लालसर छटा दिली. कृष्णधवल चित्रपटात अचानक पडदा लालसर होतो तो क्षण आजही अंगावर येतो. मुळात गोष्ट मंगळाकडे वळली ती या चढाओढीपायी, आणि तिथे अणुयुद्धाने बेचिराख झालेली संस्कृती सापडते ही कल्पना तर प्रतिस्पर्ध्याच्या चित्रपटात कुठेच नव्हती.

तिसरी युक्ती उसनवारीची. लष्कराच्या विमानांची, स्फोटांची जुनी चित्रफीत आणून जोडायची. दुसऱ्याचा सेट मोडण्याआधी वापरून घ्यायचा: कॉर्मनने 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स'चं (१९६०) मुख्य चित्रीकरण असंच उरलेल्या सेटवर दोन दिवस आणि एका रात्रीत उरकलं. रात्रीचे प्रसंग भर दिवसा काळोखी फिल्टर लावून घ्यायचे. आणि माणसांना बोलतं ठेवायचं, कारण दोन माणसं खोलीत उभी राहून संकटाबद्दल बोलली तर फक्त दिवे आणि फीत लागते. चांगल्या लेखकाच्या हातात हे बोलणंच भीती तयार करतं. वाईट लेखकाच्या हातात डुलकी लागते, हेही खरं.

४. राक्षस असे ओबडधोबड का? त्या काळी चांगलं करताच येत नव्हतं का?

येत होतं. 'द बीस्ट फ्रॉम २०,००० फॅदम्स' (१९५३) मध्ये रे हॅरीहाउझनने चौकटीगणिक बाहुली किंचित हलवून जिवंत केलेला प्राणी पाहा. पण त्याला महिने लागतात. आठवड्याभरात चित्रपट पुरा करायचा असेल तर उरतो तो रबराचा पोशाख आणि आत एक माणूस.

हे पोशाख करणाऱ्यांत पॉल ब्लेझडेल हे नाव लक्षात ठेवा. 'इट काँकर्ड द वर्ल्ड'मधला शुक्रावरचा जीव त्याचा. कॉर्मन स्टॅनफर्डला इंजिनियरिंग शिकलेला. जड गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहावरचा प्राणी उंच नसेल, जमिनीसरशी बसका असेल, असा त्याचा हिशोब. त्यातून तो शंकूसारखा, दातांचा, खेकड्यासारख्या हातांचा प्राणी आला. लोक त्याला हसतात, पण त्यामागे विचार होता, आणि दोन पायांच्या माणसासारखा परग्रहवासी दाखवण्यापेक्षा तो विचार जास्त धाडसी होता.

'इट! द टेरर'ची गोष्ट तर कारागिरीचा धडाच आहे. पोशाख घालणारा नट रे कॉरिगन. त्याच्या डोक्याचं माप न घेता मुखवटा तयार झाला आणि घातल्यावर हनुवटी राक्षसाच्या तोंडातून बाहेर यायला लागली. मग ती हनुवटीच रंगवली आणि जीभ म्हणून ठेवून दिली. पुढच्या वेळी पाहाल तेव्हा जिभेकडे लक्ष द्या.

फसलेली उदाहरणंही आहेत. 'द जायंट क्लॉ' (१९५७) मधला पक्षी कसा दिसणार हे चित्रीकरणाच्या वेळी कलाकारांना माहीत नव्हतं. ते बिचारे मनापासून घाबरले आणि नंतर त्यांच्यासमोर लांब मानेची, झिपरी बाहुली जोडली गेली. माझ्या मते त्यांचा अभिनय त्यामुळे कमी ठरत नाही.

५. पोस्टरवर जे आहे ते चित्रपटात कुठेच नाही. मी चुकीची प्रत पाहिली का?

नाही, प्रत बरोबर आहे. १९५४ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे अमेरिकन इंटरनॅशनल पिक्चर्स या नावाने प्रसिद्ध झालेल्या कंपनीत पुष्कळदा आधी नाव ठरे, मग पोस्टर, आणि चित्रपटगृहांच्या मालकांना ते पसंत पडलं तर कथा लिहायला घेत. चित्रकाराला कागदावर पन्नास फुटांचा राक्षस फुकट काढता येतो; दिग्दर्शकाला नाही.

६. दर दुसऱ्या चित्रपटात अणुस्फोट नाहीतर उडती तबकडी का असते?

कारण प्रेक्षक तीच भीती घेऊन चित्रपटगृहात येत होते. जून १९४७ मध्ये केनेथ आर्नल्ड या वैमानिकाने माउंट रेनिअरजवळ नऊ विचित्र वस्तू उडताना पाहिल्याचं सांगितलं आणि 'उडती तबकडी' हा शब्द वर्तमानपत्रांतून घरोघर गेला. ऑगस्ट १९४९ मध्ये सोव्हिएत संघाने अणुचाचणी केली. १ मार्च १९५४ला बिकिनी बेटावरच्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली. ऑक्टोबर १९५७ मध्ये स्पुटनिक डोक्यावरून फिरू लागला.

मोठे चित्रपट या विषयांना जपून हात लावत. छोट्यांना गमावण्यासारखं फार काही नव्हतं, म्हणून ते थेट भिडले. 'बॉडी स्नॅचर्स'मध्ये (१९५६) गावातली माणसं दिसायला तीच राहतात, पण आतून बदललेली असतात. हे कम्युनिस्टांबद्दल आहे की कम्युनिस्टांच्या नावाने शेजाऱ्यावर संशय घ्यायला लावणाऱ्या वातावरणाबद्दल, यावर अजून वाद होतो. दोन्ही बाजूंना चित्रपटात पुरावा सापडतो, आणि मला वाटतं म्हणूनच तो टिकला. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याची निवड झाली. 'श्रिंकिंग मॅन'ची २००९ मध्ये.

७. किरणोत्सर्गाने मुंगी खरंच घराएवढी होऊ शकते का?

नाही. किरणोत्सर्गाने पेशी बिघडतात किंवा मरतात, प्राणी प्रमाणात फुगत नाही. आणि समजा फुगलाच, तर भूमिती आडवी येते. लांबी दहापट केली की पायाच्या छेदाचं क्षेत्रफळ शंभरपट होतं, पण वजन हजारपट. पाय मोडतील. शिवाय मुंगीला फुप्फुसं नसतात. अंगावरच्या छिद्रांतून नळ्यांवाटे हवा आत जाते, आणि एवढ्या मोठ्या देहात ती पोचणार नाही. गॅलिलिओने वजन आणि आकाराचा हा हिशोब १६३८ सालीच मांडला होता. तरीही राक्षसी मुंग्यांचा 'देम!' (१९५४) पाहताना वाळवंटात त्यांची किर्रर्र ऐकू आली की गॅलिलिओ आठवत नाही.

८. हसत पाहायचे की गंभीरपणे? मित्र तर केवळ टर उडवायला जमतात.

हसू आलं तर हसा, ते दाबून ठेवायचं कारण नाही. अमेरिकेत १९८८ पासून 'मिस्टरी सायन्स थिएटर ३०००' या दूरचित्रवाणी मालिकेत एक माणूस आणि दोन यंत्रमानव पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात बसून जुन्या चित्रपटांवर शेरे मारत, आणि विस्मृतीत गेलेले कित्येक चित्रपट त्यामुळे पुन्हा लोकांच्या तोंडी आले. हा फायदा मी नाकारत नाही.

पण माझी एक विनंती असते: पहिल्यांदा गप्प बसून पाहा. सतत बोललात तर संवाद बुडतात, आणि हे चित्रपट संवादांवर उभे असतात (प्रश्न ३). मी स्वतः 'इट काँकर्ड द वर्ल्ड' आधी गलक्यात पाहिला होता. नंतर एकटीने पाहिला तेव्हा कळलं की नटी बेव्हर्ली गार्लंड गुहेत शिरताना जे बोलते ते अगदी खरं आहे: समोर रबराचा शंकू (प्रश्न ४) आहे हे ती विसरलेली आहे. तिने विश्वास ठेवला, म्हणून मलाही ठेवता आला. टर उडवणं दुसऱ्या खेपेला ठेवा, चित्रपट कुठे पळून जात नाही.

९. पाहायची काही खास तयारी लागते का?

खोलीत अंधार करा. मोबाइल दूर ठेवा. जुन्या ध्वनीपट्टीत संवाद दबलेले असतात, त्यामुळे सबटायटल मिळत असतील तर लावा. टीव्हीवर हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग असते, ती बंद करा; तिने फिल्म व्हिडिओसारखी दिसते. दोन चित्रपट जोडीने लावता आले तर उत्तम, मूळ प्रेक्षकांनी तसेच पाहिले होते.

१०. 'प्लॅन ९ फ्रॉम आउटर स्पेस' हा जगातला सर्वांत वाईट चित्रपट आहे ना? मग तोच आधी का नको?

१९८०च्या एका पुस्तकाने त्याला तो किताब दिला आणि तेव्हापासून तो वाईटपणासाठीच पाहिला जातो. दिग्दर्शक एड वुडच्या या चित्रपटात दोष ढीगभर आहेत. त्यातला नट बेला लुगोसी ऑगस्ट १९५६ मध्ये वारला; त्याची आधी घेतलेली थोडी दृश्यं वापरली आणि उरलेल्या जागी दुसराच उंच माणूस तोंडावर अंगरखा धरून उभा केला. पैसा चर्चच्या मंडळींकडून आला. कबरीचे दगड हलतात.

पण सर्वांत वाईट चित्रपट तो, जो काढणाऱ्यालाही नकोसा होता. इथे तर वुडला काहीतरी सांगायचं आहे: माणसाने शस्त्र वाढवत नेलं तर तो स्वतःसकट विश्व संपवेल. बोलणं अडखळतं, पण तळमळ दिसते. ती ओळखायला आधी तीन-चार बरे चित्रपट पाहिलेले असावेत, एवढ्यासाठी तो यादीत नंतर ठेवा.

११. बायकांना ज्या तऱ्हेने दाखवलं आहे ते सहन होत नाही. काय करावं?

तुमचं म्हणणं रास्त आहे. शास्त्रज्ञ बाई प्रयोगशाळेत येते आणि पाचव्या मिनिटाला कुणीतरी तिच्या दिसण्यावर बोलतं. हे झाकायची गरज नाही. त्याच वेळी हेही पाहा की 'देम!'मध्ये मुंग्यांच्या वारुळात उतरण्याचा हट्ट धरणारी कीटकतज्ज्ञ बाईच आहे. 'अटॅक ऑफ द ५० फूट वुमन' (१९५८) नावाने हास्यास्पद वाटतो, पण मूळ गोष्ट आहे जिच्यावर नवरा, डॉक्टर, पोलीस कुणीच विश्वास ठेवत नाही अशा बाईची.

१२. ते थरथरतं, विव्हळणारं वाद्य कोणतं?

थेरमिन. याला हात लावायचा नसतो. दोन अँटेनांजवळ हात हलवून सूर आणि आवाज बदलतात. 'रॉकेटशिप एक्स-एम' आणि 'द डे द अर्थ स्टुड स्टिल' (१९५१) यांनी ते विज्ञानपटांचा आवाज करून टाकलं. अपवाद: 'फॉरबिडन प्लॅनेट' (१९५६) मधले आवाज थेरमिनचे नाहीत; लुई आणि बीबी बॅरन या जोडप्याने स्वतः बनवलेल्या विद्युत मंडलांतून ते काढले आहेत. आणि 'रोबॉट मॉन्स्टर'चं संगीत मुद्दाम ऐका. गोरिलाच्या अंगावर शिरस्त्राण घातलेल्या त्या राक्षसामागे वाजतो आहे तो तरुण एल्मर बर्नस्टाइन, जो पुढे हॉलिवूडच्या मोठ्या संगीतकारांत गणला गेला.

१३. पडद्यावर वरून माइक डोकावतो. दिग्दर्शकाला दिसला नाही का?

पुष्कळदा दोष दिग्दर्शकाचा नसून तुमच्या प्रतीचा असतो. साधारण १९५३ पासून चित्रपट रुंद पडद्यासाठी काढले जात, पण कॅमेऱ्यात चौकोनी चौकटच भरे. प्रोजेक्टरवर वरची आणि खालची पट्टी झाकली जाई. टीव्हीसाठी मात्र ती न झाकता पूर्ण चौकट दाखवली गेली आणि जे कधी दिसायचंच नव्हतं ते दिसू लागलं. १९५३ नंतरच्या अशा चौकोनी प्रतीला टीव्हीच्या झूमने वरून-खालून कापून पाहा, रचना एकदम जुळते. त्याआधीच्या चित्रपटांना हे करू नका. लोकांची डोकी उडतील.

१४. एकाच चित्रपटाच्या वेगवेगळ्या लांबीच्या प्रती का मिळतात? आणि रंगीत प्रत पाहावी का?

टीव्हीच्या ठरलेल्या वेळेत बसवायला छोटे चित्रपट नंतर ताणले गेले. 'द वास्प वुमन' (१९५९) च्या सुरुवातीचा मधमाश्यांचा भाग असाच मागाहून जोडलेला आहे. तो नसलेली प्रत मिळाली तर ती घट्ट वाटते. 'बॉडी स्नॅचर्स'ची सुरुवात आणि अखेर कंपनीच्या आग्रहाने घातली गेली. दिग्दर्शक डॉन सीगलला चित्रपट महामार्गावरच्या प्रसंगापाशी संपवायचा होता. पाहिल्यावर तिथे थांबून विचार करा.

मागाहून रंगवलेल्या प्रती टाळा. स्वस्त सेटची लक्तरं सावली झाकते, रंग ती उघडी पाडतो. 'द ब्लॉब' (१९५८) मात्र मुळातच रंगीत आहे.

१५. दोन वेगळ्या चित्रपटांत हुबेहूब तेच रॉकेट, तेच अंतराळवीर दिसले. हे कसं?

तुमची नजर पक्की आहे. कॉर्मनने सोव्हिएत विज्ञानपटांचे हक्क घेऊन त्यांची दृश्यं पुन्हा पुन्हा वापरली. पावेल क्लुशांत्सेवचा १९६२चा शुक्रमोहिमेचा चित्रपट अमेरिकेत दोनदा नव्या नटांचे प्रसंग जोडून आला: १९६५ मध्ये एकदा आणि १९६८ मध्ये दुसऱ्यांदा. दुसऱ्या खेपेचं काम पुढे नावाजलेला दिग्दर्शक झालेल्या तरुण पीटर बोग्दानोविचने टोपणनावाने केलं. १९५९च्या आणखी एका सोव्हिएत चित्रपटाची अमेरिकी कापाकापी फ्रान्सिस फोर्ड कोपोलाच्या हातची आहे. मूळ रशियन चित्रपट मिळाले तर तेच पाहा. त्यांच्यामागे पैसाही होता आणि कसबही, ते बी-मुव्ही नव्हतेच.

१६. थ्रीडीतले चित्रपट लाल-निळ्या चष्म्याने पाहायचे ना?

१९५३-५४ मध्ये नाही. तेव्हा दोन प्रोजेक्टर एकाच वेळी चालत आणि प्रेक्षकांना ध्रुवीकरणाचे करड्या काचांचे चष्मे मिळत. लाल-निळी पद्धत नंतरच्या पुनर्प्रदर्शनांत आणि टीव्हीवर आली. दोन्ही प्रोजेक्टर गुंतलेले असल्याने रीळ बदलायला थांबावं लागे, म्हणून एवढ्याशा चित्रपटांतही मध्यंतर दिसतं.

१७. हे इंटरनेटवर फुकट सापडतात. पाहणं कायदेशीर आहे का?

काही निश्चितच आहे, सरसकट नाही. अमेरिकेत १९६४ पूर्वी प्रसिद्ध झालेल्या कृतीचा हक्क २८व्या वर्षी नोंदवून वाढवावा लागे. पुष्कळ छोट्या कंपन्या तोवर बुडाल्या होत्या, नोंद करायची राहून गेली आणि चित्रपट सार्वजनिक झाले. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) ची गोष्ट वेगळी: वितरकाने ऐन वेळी नाव बदललं आणि नव्या नावाच्या पाटीवर हक्काची सूचना लिहायची राहून गेली.

दोन खबरदाऱ्या. अमेरिकेत मुक्त असलेला चित्रपट दुसऱ्या देशात मुक्त असेलच असं नाही. आणि जुना चित्रपट मुक्त असला तरी त्यात नव्याने घातलेलं संगीत किंवा रंग यांवर हक्क असू शकतो. पडीक प्रतीपेक्षा विकतची नीट दुरुस्त केलेली प्रत घेणं मला केव्हाही पटतं. 'माइक दिसतो', 'संवाद कळत नाहीत' या निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात (प्रश्न ९ आणि १३).

१८. 'फॉरबिडन प्लॅनेट' आणि 'गॉडझिला' या यादीत का नाहीत?

'फॉरबिडन प्लॅनेट' एमजीएम या बड्या स्टुडिओचा, रंगीत, रुंद पडद्याचा, जवळजवळ २० लाख डॉलर खर्चाचा. विषय तोच असला तरी तो 'ए' आहे.

'गॉडझिला' (१९५४) चं उत्तर तुम्ही कुठली आवृत्ती पाहता त्यावर आहे. जपानमध्ये तो तोहो कंपनीचा खर्चिक, गंभीर चित्रपट होता आणि प्रश्न ६ मधल्या त्या बोटीची आठवण प्रेक्षकांच्या मनात ताजी होती. १९५६ मध्ये अमेरिकेत आला तेव्हा बराच भाग कापून, रेमंड बर हा नट वार्ताहर म्हणून मध्ये घालून आला. बर आणि मूळ नट कधी एका जागी उभेच राहिले नव्हते. म्हणजे तोच चित्रपट एका देशात 'ए' आणि दुसऱ्या देशात बी-मुव्हीच्या वाटेने गेलेला. आधी जपानी पाहा, मग अमेरिकी, आणि बर बोलत असताना समोरचा माणूस पाठमोरा का आहे तिकडे लक्ष ठेवा.